परातीतला भूकंप

माझी कणीक मळायची परात तीन दिवस सापडेना, तेव्हा मी भांडेवाल्या बाईला नाही नाही ते बोलले. बारा पोरींची कणीक एका वेळी मळून निघेल एवढी मोठी पितळी परात, ती काय पदराखाली लपवून न्यायची वस्तू हाय? पण राग आला की मला एवढा विचार सुचत नाही, फटकळ बाई मी. चौथ्या दिवशी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले तर परात तिथं! परातीत काचेच्या गोट्या पसरलेल्या, गोट्यांवर माझाच जेवायचा पाट, पाटाला दोन्ही अंगांनी सायकलच्या ट्यूबचं रबर बांधून कठड्याच्या गजाला ताणलेलं. पाटावर लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचं वीतभर उंच दुमजली घर. आणि शेजारी मांडीवर वही घेऊन आमची गच्चीवरची भाडेकरीण.

"बरं झालं आलात काकू," ती म्हणाली. "हे रबर जरा ओढून धरता का? मला एकटीला दोन्हीकडं जमून न्हाई राहिलं."

चोरी पकडली गेल्याची लाज नाही, घाबरणं नाही. आणि मी बावळटासारखं रबर धरलं की! तिनं "सोडा" म्हटलं, मी सोडलं. पाट गोट्यांवर गदागदा हलला, घराचा खालचा मजला बसला आणि वरचा जसाच्या तसा त्याच्यावर येऊन टेकला.

"पाडलंस की गं, एवढं मेहनतीनं केलेलं!"

"पाडायलाच बांधलं होतं," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

मी गोट्या ओतल्या, परात उचलली, तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग रविवारी मिळंल का?" रविवारी बाकीच्या पोरी टेस्टला जायच्या. मी हो कसं म्हटलं मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून रविवारी दुपारी परात तिची, आणि संध्याकाळच्या कणकेच्या आत घासूनपुसून माझी, असं ठरलं.

भूकंपाला तेव्हा सहा वर्षं होऊन गेली होती. लातूरचं नाव आता वेगळ्याच कारणानं गाजत होतं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागायचे. मुखेड, अहमदपूर, देगलूर, कुठून कुठून माणसं लेकरं घेऊन यायची, रिक्षातून गादी आणि पत्र्याची ट्रंक उतरवायची आणि दारात उभं राहून विचारायची, "खोली हाय का, मावशी?" माझे मालक वारल्यावर मी चार खोल्यांत पोरी ठेवल्या, दोन वेळचा डबा लावला. अकरा पोरी, अकराही डॉक्टर होणार होत्या. ही बारावी पोरगी. उदगीरची. तिचे अब्बा त्या ट्रंकाच बनवायचे, पत्रा कापून, ठोकून, वर गुलाबाचं फूल रंगवून. हिला गावातल्या एका कॉलेजात डिझाईनच्या डिप्लोम्याला घातलं होतं. स्वस्तातली म्हणून गच्चीवरची पत्र्याची खोली तिनंच मागून घेतली. उन्हाळ्यात त्या खोलीत पाऊल ठेवायची सोय नव्हती. पण उन्हाळा असो की थंडीतले रोजे, ही बया भर दुपारी तिथं बसून काहीतरी कापत, चिकटवत असायची.

आणि मी? मी भूकंपातली म्हणावी तर होते, नाही म्हणावी तर नव्हते. माझं माहेर औशाच्या पुढं, आडवळणाला. भूकंपात आमचं माळवदाचं घर माझ्या आईच्या अंगावर आलं. भाऊ-भावजय लेकरासकट रात्री राखणीला रानात होते म्हणून वाचले. आमच्याकडं घरावर लाकडं, लाकडांवर फांद्या आणि त्यावर मातीचा थर, त्याला माळवद म्हणतात. ते गळतं म्हणून दरसाल पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती टाकायची. जुनी मात्र काढायची नाही, जुनी काढली तर घराची बरकत जाते म्हणायचे. असं आज्याच्या काळापासून थरावर थर चढलेले. त्या साली भाऊ म्हणाला, "आक्का, यंदा राहू दे, बघू पुढल्या साली." मी ऐकलं नाही. आईच्या बाजेवर पाणी गळतंय म्हणून भांडून, मजूर लावून, उभं राहून माती टाकून घेतली. चार महिन्यांत ती माती आईच्या अंगावर आली. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. भावाच्या घरी जाणंही सोडलं होतं. सहा भाऊबिजा गेल्या. दर संक्रांतीला तो तुरीच्या डाळीची पिशवी माझ्या दाराशी ठेवायचा, चहासुद्धा न घेता वळायचा. त्याच्या मनात काय हाय ते मला सांगायची गरज नव्हती.

असो. पोरीचं सांगत होते.

तिला कुठंही न्या, आत शिरल्याबरोबर ती वर बघायची आणि विचारायची, "हे कशावर उभं हाय?" एकदा शेजारच्या लग्नाला नेली. लोक नवरीचा शालू बघत होते, ही मांडवाचा खांब हलवून बघत होती. मांडववाला धावत आला. ती त्याला म्हणाली, "भाऊ, ह्या कोपऱ्याला एक तिरपा बांबू टाका." त्यानं शिव्या घालत का होईना, टाकला. मग अक्षता पडायच्या आधी तिनं पायरीवर बसून लोकांनी टाकलेल्या पत्रिका गोळा केल्या. जाड पुठ्ठा म्हणे, विकत कुठं मिळतो असला.

विकत असं ती काही आणायचीच नाही. ज्वारीची धाटं, खराट्याच्या काड्या, पिठाची खळ, आणि टाचण्यांच्या जागी बाभळीचे काटे. काटे गोळा करायला रेल्वेच्या रुळापलीकडं जायची. एकदा माझ्या टाचेत काटा मोडला तेव्हा मी सगळा पसारा जाळायची धमकी दिली. तर ती खाली वाकून काटा काढता काढता म्हणते, "बघा काकू, किती धरून ठेवतो. खिळा असता तर निसटला असता."

बाकीच्या पोरी तिला मिस्त्री म्हणायच्या. चेष्टेनंच म्हणायच्या, पण कपाटाचं दार निखळलं की तिलाच हाक मारायच्या. त्यांचे जुने टेस्टपेपर ती मागून घ्यायची. रद्दी विकत असेल असं मला वाटलं होतं. एक दिवस खाली आली ती एक स्टूल घेऊन. पेपरांच्या घट्ट गुंडाळ्या, सुतळीनं आवळून उभ्या केलेल्या, वर पुठ्ठा.

"बसा काकू."

"मी? अगं, कंबरडं मोडंल माझं!"

"न्हाई मोडणार. लई वेळा बसून बघितलं मी."

"तू चिपाडासारखी. मी सत्तर किलोची बाई हाय."

"म्हणून तर तुम्ही पाहिजेत."

बसले बाई जीव मुठीत धरून. हूं का चूं नाही! मेडिकलवाली एक पोरगी ओरडली, "काकू, तुम्ही माझ्या फिजिक्सच्या पेपरावर बसल्यात!" मी म्हटलं, "मार्क नसतील पोरी, पण तुझ्या पेपरात दम हाय." सगळ्याजणी पोट धरून हसल्या. मिस्त्री तेवढी हसली नाही. ती खाली वाकून कुठली गुंडाळी दबते ते बघत होती. मग म्हणाली, "उद्या परत बसा. एकदा बघून काय कळतं? एकदा तर भविष्यवाला पण खरं बोलतो." पुढचे पाच दिवस मी रोज सकाळी त्या स्टुलावर बसले. पाचव्या दिवशी एक गुंडाळी दबली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला, जसा एखाद्या पोरीचा मेरिटला आल्यावर उजळेल.

कॉलेजात तिचं काही धड नव्हतं. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना घराचं मॉडेल करायचं होतं. बाकीच्यांनी थर्माकोलचे बंगले केले, हिरव्या स्पंजची तयार झाडं आणली, दारात प्लास्टिकच्या मोटारी लावल्या. हिनं धाटांचं आणि मातीचं घर केलं, शेतमजुराला परवडेल असं. हातगाड्यावर ठेवून, स्वतः पुढं चालत, रस्त्यातला एकेक खड्डा दाखवत नेलं. संध्याकाळी परत आली. मी विचारलं, "काय म्हणले सर?"

"म्हणले, हे शेणामातीचं काय उचलून आणलंस? काठावर पास केलं. झाडं पण न्हाईत म्हणले."

"मग तू काय म्हणलीस?"

"खरं हाय म्हणलं. झाडं राहिलीच होती."

मला वाटलं आता रडेल. तिनं माझ्याकडं मूठभर मोहरी मागितली. मॉडेलच्या अंगणात पेरली, रोज चमच्यानं पाणी घातलं. आठवड्यानं ते घर परत हातगाड्यावर चढलं. अंगणात बोट बोट उंचीची हिरवीगार मोहरी! सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, झाडं आली." मार्क काही वाढले नाहीत. पण ते मॉडेल सरांनी परत दिलं नाही, आणि ते रोज त्याला पाणी घालतात असं कॉलेजातली पोरं सांगायची. हे खरं की खोटं मी बघायला गेले नाही. मला खरं वाटतं.

पुढं ती आणखी शिकली, आता नांदेडला असते. तिचं ऑफिस हाय, हाताखाली माणसं हायत. शाळेची इमारत पास करायची असली की मोठमोठे कंत्राटदार तिला टरकतात असं ऐकते. ऐकून मला इतकं बरं वाटतं, पोटच्या लेकीचं कौतुक काय वेगळं असतं! पण लोक तिची हुशारी सांगतात तेव्हा मी मनात म्हणते, हुशार लई असतात. माझ्या अकरापैकी सात डॉक्टर झाल्या, त्या काय बिनडोक होत्या? हिच्यात दुसरं काहीतरी होतं. ते मला एका रविवारी कळलं.

त्या दुपारी मी तिला ताक द्यायला वर गेले. पाटावर नवं घर होतं. भिंती बारीक खड्यांच्या, आतून एक थर, बाहेरून एक थर. तुळया धाटांच्या, त्यावर लिंबाच्या काड्या आडव्या, आणि वर जाड पांढरी माती थापलेली. दार बुटकं. एका कोपऱ्याला वर चढायच्या पायऱ्या. कुणी तिला सांगितलं होतं देव जाणे, पण ते माझं माहेर होतं. माझ्या हातातलं ताक सांडलं. तिनं वर न बघता रबर सोडलं आणि ते घर माझ्या डोळ्यांदेखत भसकन खाली बसलं. धूळ उडाली. एवढीशी, चिमूटभर धूळ.

"आजच्या आज खोली खाली कर!" मी किंचाळले. "लोकांच्या मढ्यावर खेळ मांडतीस? लाज न्हाई वाटत? नीघ!"

ती सामान आवरायला खोलीत गेली. मी जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. थोड्या वेळानं ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात धाटांचं पोतं घेऊन खाली यायला लागली. माझ्याजवळ आली, थांबली.

"काकू, जाता जाता एक विचारू?"

मी तोंड फिरवलं.

"माळवदावर माती किती जाड असायची? कुठल्याच पुस्तकात न्हाई."

काय म्हणावं या पोरीला! मारावं का पायावर डोकं ठेवावं? माझ्या तोंडून आपोआप गेलं, "दोन हात. आमच्या घरावर दोन हात होती." आणि मग बांधच फुटला. आई, बाज, मजूर, भावाशी भांडण, सगळं तिच्यासमोर भडाभडा बोलून मोकळी झाले. वर म्हटलं, "मी मारली गं माझ्या आईला. माझ्या मातीनं मेली ती."

दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, असं नका म्हणू काकू, देवाची मर्जी. तिनं पिशवी खाली ठेवली, पोतं खाली ठेवलं आणि विचारलं, "टोपल्या किती होत्या?"

"काय?"

"तुम्ही टाकलेल्या. मोजल्या का?"

"चाळीस."

"टोपली केवढी? माती ओली का कोरडी?"

सहा वर्षं ते ओझं मी उरावर घेऊन फिरत होते, आणि त्याचं वजन किती, हे विचारणारं पहिलं माणूस माझ्यासमोर उभं होतं.

"करून बघू," ती म्हणाली. "तुमची माती घालून आन् तुमची माती काढून. पण एक सांगते काकू. लहान घर आन् खरं घर अगदी सारखं नसतं. आन् जे निघंल ते मी तसंच सांगणार."

"खरं निघालं तर?"

"तर खरं सांगणार."

पुढचे तीन रविवार आम्ही दोघी गच्चीवर होतो. मी खडे चाळून द्यायची, माती भिजवायची. भिंत कशी बांधायचे हे मी माझ्या बापाच्या तोंडून ऐकलेलं तिला सांगितलं. बाहेरून चांगला दगड, आतून चांगला दगड, मधल्या पोकळीत खपल्या आणि चिखल. दीड हात रुंद भिंत, चोराला खणता येत नाही म्हणून गाव मिरवायचं. तिनं विचारलं, "मधे आरपार जाणारा लांब दगड घालायचे का? दोन्ही थरांना धरून ठेवणारा?"

"कामून घालतील? लांब दगड फोडला की एकाचे दोन होतात. माझा बाप म्हणायचा, लांब दगड अख्खा लावंल तो गवंडी खुळा."

तिनं लिहून घेतलं. बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसली.

मग घर पाडायला सुरुवात केली. सगळी माती ठेवून पाडलं. माझ्या वाटणीची माती तोलून काढली आणि पाडलं. आठवडाभर तीन-चार पाटांवर नवी घरं बांधून वाळवायची, रविवारी परातीवर रबर तेवढंच ताणायचं. माझ्या चाळीस टोपल्या काढल्या तरी घर पडलं. निम्मी माती काढली तरी पडलं. शेवटी तिनं वर नुसत्या काड्या ठेवल्या, माती नावालासुद्धा नाही. तरी भिंतीचं पोट फुगलं, आतला थर आत, बाहेरचा बाहेर, आणि पडलं. मग तिनं भिंतीत जागोजागी काडेपेटीच्या काड्या आडव्या, आरपार घातल्या आणि दोन हातांच्या मापाची सगळी माती वर थापली. पाट हलला. घर उभं राहिलं. पाच वेळा केलं, चार वेळा उभं राहिलं.

"काकू, घर तुमच्या मातीनं न्हाई पडलं," ती म्हणाली. "ते पडणारच होतं."

मी पदर तोंडाला लावला. पण तिचं संपलं नव्हतं.

"अजून हाय. माती कमी असती तर खाली दबलेल्या माणसावर ओझं कमी आलं असतं. त्यानं तुमच्या आई वाचल्या असत्या का, ते मला म्हाईत न्हाई. ते ह्यात दिसत न्हाई."

लागलं मला. खोटं कशाला बोलू, फार लागलं. एवढं बोलली नसती तर काय बिघडलं असतं तिचं? पण रात्रभर विचार करून एक कळलं. हे दुसरं तिनं माझ्यापासून लपवलं असतं, तर पहिल्यावर माझा कधी इतबार बसला नसता. माझं समाधान करायला बोलली, असंच मी म्हटलं असतं. तिनं मला हाती लागलं तेवढंच खरं दिलं, वर एक दाणा जास्त नाही. त्यावर उभं राहता येत होतं.

चार दिवसांनी मी औशाच्या गाडीत बसले. ती सोबत आली. मला आधार द्यायला नव्हे, तिला आमच्या जुन्या गावातले खरे दगड बघायचे होते.

भाऊ नव्या गावात, सरकारनं बांधून दिलेल्या घराच्या ओट्यावर बसला होता. मला बघून उभा राहिला. केस पार पांढरे झाले होते. मी चपला न काढताच बोलायला लागले. थांबले असते तर परत फिरले असते. म्हटलं, "भाऊ, मी टाकलेल्या मातीपायी तू माझं तोंड बघत न्हाईस, मला म्हाईत हाय. पण ह्या पोरीनं बघितलंय—"

"तुझं तोंड?" भाऊ म्हणाला. "आक्का, मी माझं तोंड लपवून राहिलो."

मला कळेना.

"तू गेल्यावर परत गळायला लागलं. भादव्यात उघडीप पडली तेव्हा मी वर चढलो. तुझ्या मातीवर आणखी वीस टोपल्या टाकल्या. माय खालनं ओरडत होती, पुरं कर, पुरं कर. मी म्हणलं, गप बस. लगेच गणपती गेले आन् हे झालं." तो ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तुला काय सांगू? कुठल्या तोंडानं चहा पिऊ तुझ्याकडं?"

सहा वर्षं! सहा वर्षं दोघं भावंडं एकाच मातीखाली, आणि एकमेकांना हाक मारायची सोय नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, वीस टोपल्या? मग माझं चुकलं. मी वजन कमी धरलं होतं. परत करावं लागंल. तुमच्याकडं परात हाय का?"

भाऊ माझ्याकडं वळला. मी म्हटलं, "दे बाबा तिला परात. दिल्याशिवाय सोडणार न्हाई ती." भावजयीनं परात आणली, भाच्यानं गोट्या दिल्या. अंगणात चिखल कालवता कालवता पोरीनं भावाला आरपार घातलेल्या काड्यांचं सांगितलं. भाऊ स्वतः भिंत रचायला बसला, आमच्या बापाची पद्धत त्याच्या हातात होती. बाहेरून खडा, आतून खडा, मधे चिखल. चार थर झाले आणि त्यानं बाजूची एक लांब चपटी कपची उचलली, भिंतीत आरपार आडवी ठेवली.

"असं न्हाई मामा," ती म्हणाली. "ती काढा. तुमचं घर होतं तसं बांधा."

भावानं कपचीला हात लावला. काढेना. परत हात लावला.

"मगाशी तूच सांगितलंस ना पोरी, हिच्यानं घर ऱ्हातं म्हणून," तो म्हणाला. "आता म्हाईत झाल्यावर हात धजत न्हाई गं चुकीचं बांधायला."

तिनं वही मिटली.

"मग झालं की मामा," ती म्हणाली. "तेव्हा म्हाईत असतं तर तेव्हा पण हात धजला नसता."